पहिलं सिम, पहिलं व्हील: पैसे हातापेक्षा पायाखाली घाला

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजवर तुम्ही गेमपॅडवर फॉर्म्युला वनचे आणि तत्सम गेम खेळलात, आता पीसीवर खरंखुरं सिम्युलेटर (थोडक्यात सिम) आणि स्टिअरिंग व्हील घ्यायचं आहे. पीसी चार वर्षं जुना, मधल्या ताकदीचा. २७ इंची एकच मॉनिटर, साधं टेबल, चाकांची खुर्ची. सिम कुठलं घ्यावं, व्हील गिअरचं, बेल्टचं की डायरेक्ट ड्राइव्ह, आधी स्वस्त घेऊन नंतर बदललं तर पैसे वाया जातात का, आणि एच-शिफ्टर, म्हणजे हाताने गिअर बदलायचा दांडा, सोबतच घेऊन टाकावा का.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती तुम्ही जाता जाता लिहिलेली 'चाकांची खुर्ची'. माझं पहिलं व्हील आलं तेव्हा मी ते टेबलाला आवळलं, पेडल फरशीवर ठेवली, पहिल्या वळणाआधी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी मीच मागे गेलो. पेडल भिंतीकडे, खुर्ची दाराकडे. पुढचे काही महिने मी व्हीलला दोष देत होतो. याचा फोर्स (व्हील हाताला देतं तो जोर) कमी आहे, याच्यात दम नाही, मोठं घ्यायला हवं. मोठं घेतलंही. वेळ होता तिथेच राहिला. मग एका मित्राकडे पक्क्या बसवलेल्या सांगाड्यावर, म्हणजे रिगवर, माझ्यापेक्षा हलक्या व्हीलवर गाडी चालवली आणि अर्ध्या तासात माझ्या लॅप एकसारख्या येऊ लागल्या. फरक हाताखाली नव्हता, पायाखाली होता.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: आधी न हलणारा पाया, मग ब्रेक, मग व्हील. बहुतेक नवखे नेमका उलटा क्रम लावतात, कारण व्हील दिसतं आणि ब्रेक टेबलाखाली असतो.

पण त्याच्याही आधी सिम ठरवू या, कारण बाकीचं सगळं त्यावरून ठरतं.

'कुणाचं फिजिक्स जास्त खरं' या वादात पडू नका. तो फरक जाणवायलाच शे-दोनशे तास लागतात आणि तोवर बहुतेकांनी आपापला पक्ष निवडलेला असतो. मी नवख्याला वेगळंच विचारतो: संध्याकाळी तासभर मोकळा मिळाला तर काय करायला आवडेल? एकट्याने वेगवेगळ्या गाड्या वेगवेगळ्या ट्रॅकवर फिरवायला, अनोळखी माणसांशी चुरशीची रेस करायला, की जंगलातल्या मातीच्या रस्त्यावर घड्याळाशी झुंजायला?

पहिलं उत्तर असेल तर 'असेटो कोर्सा'. कुनोस सिम्युलाझिओनी या इटालियन स्टुडिओचं हे सिम २०१४ मध्ये पूर्ण स्वरूपात आलं. वय झालंय, म्हणूनच तुमच्या पीसीवर ते आरामात धावेल. त्याचे बरेच अधिकृत ट्रॅक लेझर-स्कॅन करून बनवलेले आहेत. म्हणजे खऱ्या ट्रॅकचा पृष्ठभाग लेझरने मोजून त्यातले उंचवटे-खळगे जसेच्या तसे उतरवलेत, आणि ते व्हीलमधून हाताला लागतात. याचं मॉडिंगचं, म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या गाड्या-ट्रॅकचं, जग प्रचंड आहे. 'कंटेंट मॅनेजर' हा पर्यायी लाँचर आणि 'कस्टम शेडर्स पॅच' हे दोन पहिल्याच दिवशी टाका, मूळ मेनूत परत जावंसं वाटणार नाही. एक सावधगिरी मात्र पाळा. फुकटच्या मॉड गाड्यांमध्ये रत्नंही आहेत आणि कचराही आहे, आणि नवख्याला दोन्ही सारखेच दिसतात. गाडी विचित्र वागली तर चूक आपली की मॉडची हे कळत नाही. पहिला महिनाभर कुनोसच्याच गाड्या चालवा. संगणकाचे प्रतिस्पर्धी या सिममध्ये तितकेसे हुशार नाहीत, हेही सांगून ठेवतो. याच मालिकेतलं 'असेटो कोर्सा इव्हो' जानेवारी २०२५ पासून अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आलं, पण चार वर्षं जुन्या पीसीवर सुरुवात करायला ते मी सुचवणार नाही.

जीटी३ वर्गाच्या गाड्यांनीच (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसच्या गाड्या) वेड लावलं असेल तर 'असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने', म्हणजे सगळे ज्याला एसीसी म्हणतात ते. २०१९ चं. जीटी वर्ल्ड चॅलेंज मालिकेचा अधिकृत गेम. पाऊस पडायला लागला की ट्रॅकची पकड कशी हळूहळू जाते, कोरड्या रेषेवर ती आधी कशी परत येते, हे त्यात फार छान जमलंय. पीसीवर मात्र जड आहे: भर पावसात, रात्री, तीस गाड्यांच्या मागून स्टार्ट घेतला की कमकुवत मशिनची कसोटी लागते. ऑनलाइन रेससाठी त्याला 'लो फ्युएल मोटरस्पोर्ट' या मोफत व्यवस्थेची जोड द्या. वेळापत्रक, रेटिंग, लायसन्स सगळं तिथे मिळतं आणि मोकळ्या सर्व्हरवरच्या धुमश्चक्रीपेक्षा रेस कितीतरी सभ्य होते.

माणसांशी रेस हाच मुख्य हेतू असेल तर 'आयरेसिंग'चा विचार करावाच लागतो. २००८ मध्ये सुरू झालेलं हे सिम डेव्ह केमर यांनी उभं केलं. नव्वदच्या दशकात सिम रेसिंगचा पाया घालणाऱ्या पॅपायरस स्टुडिओचे ते सहसंस्थापक. इथे सदस्यत्व घ्यावं लागतं, त्यात काही गाड्या आणि ट्रॅक मिळतात, बाकीचे एकेक विकत घ्यायचे. खर्चिक आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याच्या बदल्यात मिळते ती शिस्त. रूकीपासून सुरुवात, मग डी, सी, बी, ए अशी लायसन्सची चढण. ट्रॅकबाहेर गेलात की १ गुण, गाडीवरचा ताबा सुटला की २, दुसऱ्या गाडीला जोरात धडक बसली की ४. हे दंडाचे गुण आहेत आणि चूक कुणाची हे सॉफ्टवेअर बघत नाही, दोघांनाही मिळतात. सुरुवातीला हा घोर अन्याय वाटतो. दोन महिन्यांनी लक्षात येतं की त्यामुळेच आपण समोरच्या बेभरवशाच्या ड्रायव्हरपासून दोन हात लांब राहायला शिकलो. विल्यम बायरन याने शाळकरी वयात आयरेसिंगवर गाडी चालवायला सुरुवात केली आणि पुढे २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं डेटोना ५०० ही अमेरिकेतली नामांकित रेस जिंकली. तुम्ही-आम्ही तिथे पोहोचणार नाही, पण त्याला घडवणारं वळण हेच होतं. आठवड्यातून किमान दोन संध्याकाळी बसणं होणार असेल तरच सदस्यत्व घ्या, नाहीतर जिमच्या सदस्यत्वासारखं होतं.

रॅलीसाठी २०१९ चं 'डर्ट रॅली २.०' ही सोपी सुरुवात. २००४ चं 'रिचर्ड बर्न्स रॅली' चाहत्यांनी आजही जिवंत ठेवलंय आणि त्याच्या हाताळणीची शपथ घेणारे पुष्कळ आहेत, पण ते नवख्यावर दया दाखवत नाही.

बाकीची भराभर सांगतो. रेइझा या ब्राझिली स्टुडिओचं 'ऑटोमोबिलिस्टा २' मधल्या पीसीवर छान पळतं आणि जुन्या गाड्यांसाठी गोड आहे. 'ले माँ अल्टिमेट' एन्ड्युरन्सच्या (तासन्‌तास चालणाऱ्या रेसच्या) प्रोटोटाइप गाड्यांसाठी. 'रेसरूम'चा पाया मोफत आहे, आवाज अफलातून. 'लाइव्ह फॉर स्पीड' २००३ पासूनचं, दिसायला साधं, पण त्याच्या मोफत डेमोत ब्लॅकवूड ट्रॅक आणि तीन गाड्या मिळतात आणि ते जवळपास कुठल्याही पीसीवर चालतं. व्हील आल्याच्या दिवशी दमडी न खर्चता हात बसवायला याच्यासारखं दुसरं नाही.

तुमच्या बाबतीत माझं उत्तर: आधी असेटो कोर्सा, तीन महिन्यांनी रेसची भूक लागलीच तर एसीसी किंवा आयरेसिंग. दोन्ही एकदम घेऊ नका.

आता व्हील. तिन्ही प्रकारांत मोटर असतेच, फरक आहे तो मोटर आणि तुमचे हात यांच्यामध्ये काय आहे याचा.

गिअरच्या व्हीलमध्ये छोटी मोटर गिअरच्या दात्यांमधून स्टिअरिंग फिरवते. लॉजिटेकची जी२९ आणि जी९२० ही २०१५ ची जोडी आणि २०२० चं जी९२३ या घराण्यातली. पीसीवर तिन्ही चालतात. ताकद सुमारे २ न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचं माप). दात्यांमध्ये थोडी मोकळीक असते, त्यामुळे सरळ रस्त्यावर मध्यभागी व्हील जरा ढिलं लागतं आणि खडबडीत रस्त्यावर खडखडतं. टिकाऊ मात्र आहेत, आणि पुढे विकायची म्हटली तर गिऱ्हाईक लगेच मिळतं. बेल्टचं व्हील, उदाहरणार्थ २०१४ चं थ्रस्टमास्टर टी३००, मऊ आणि सलग चालतं, खडखड नाही. पण रबरी पट्टा बारीकसारीक धक्के गिळतो, आणि जोर लावून बराच वेळ चालवलं की मोटर तापून फोर्स उतरतो. त्याच कंपनीचं टी२४८ हे पट्टा आणि गिअर यांची मोट बांधलेलं.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मध्ये काहीच नाही. मोटरच्या आसालाच स्टिअरिंग. पूर्वी हे प्रकरण हौशी इंजिनिअर आणि खिसा भरलेल्यांपुरतं होतं. २०२१ मध्ये फॅनाटेकचं सीएसएल डीडी आलं आणि तिथून ते सामान्य माणसाच्या टप्प्यात यायला लागलं. मूळ पॉवर सप्लायवर ते ५ न्यूटन-मीटर देतं, मोठ्या सप्लायवर ८. मोझाचं आर५ साडेपाचचं. आता या वर्गात पर्याय बरेच आहेत.

डायरेक्ट ड्राइव्ह चांगलं का, याचं उत्तर बहुतेक जण 'जोर' असं देतात. तसं नाही. गाडी वळवताना पुढचे टायर स्वतःच सरळ व्हायला बघतात आणि तो ओढा तुम्हाला स्टिअरिंगमध्ये जाणवतो. वळण घट्ट करत गेलात की ओढा वाढत जातो, आणि टायरची पकड संपायच्या जरा आधी तो अचानक कमी व्हायला लागतो. स्टिअरिंग हलकं पडतं. गाडी सरळ घसरायच्या आधी मिळणारी ती सूचना असते: 'बस, आता आणखी वळवू नकोस.' ती क्षणभरच टिकते. गिअरच्या व्हीलमध्ये दात्यांच्या घर्षणात ती बुडून जाते, म्हणून त्या व्हीलवर शिकलेले लोक टायरच्या आवाजावर चालवायला शिकतात. चांगल्या डायरेक्ट ड्राइव्हवर ती सूचना बोटांना मिळते. मागची बाजू सुटायला लागली तेव्हाही तसंच: स्टिअरिंग उलट दिशेला झटकन फिरायला बघतं, आणि ते जितक्या चपळाईने फिरेल तितकी गाडी सावरणं सोपं. म्हणजे खरा फायदा स्पष्टतेचा आणि चपळाईचा आहे, दंड भरून यायचा नाही.

म्हणून पाच ते आठ न्यूटन-मीटरला नवख्याने समाधानी राहावं. बाजारात वीस-पंचवीसची व्हील आहेत, आणि सिममधली गाडी भिंतीवर आदळताना तुमचा अंगठा आरीत अडकला असेल तर तो मुरगळायला एवढा जोर पुरेसा आहे. आठच्या व्हीलवरसुद्धा अंगठे आरीच्या आत गुंडाळून न धरता वरून टेकवायची सवय लावा, आणि धडक होतेय असं दिसलं की हात सोडा.

जोर कितीही असला तरी एक सेटिंग चुकलं की सगळं मातीमोल: क्लिपिंग. सिम जेवढा फोर्स पाठवतं तेवढा व्हील देऊ शकत नसेल, तर शंभर टक्क्यांवरचं सगळं कापलं जातं. वेगवान वळणात ओढा आधीच शंभरावर पोहोचलेला असला तर त्यावरचा खड्डा, कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा), पकड सुटण्याची ती हलकी सूचना, काहीच येत नाही. व्हील नुसतं दगडासारखं जड लागतं आणि नवख्याला वाटतं, वा, काय फोर्स आहे! असेटो कोर्साच्या पेडल ॲपमध्ये फोर्सची पट्टी दिसते, ती लाल झाली म्हणजे क्लिपिंग. नेहमीच्या ट्रॅकवरच्या सगळ्यात वेगवान वळणात ती क्वचितच लाल व्हावी इतका गेन (फोर्सचं प्रमाण) खाली आणा. आयरेसिंगमध्ये काही लॅप नीट चालवल्यावर 'ऑटो' बटण दाबलं की तो आकडा सिमच काढून देतं. लहान व्हीलवर यामुळे स्टिअरिंग हलकं लागेल. लागू द्या. हलकं पण बोलणारं व्हील जड मुक्या व्हीलपेक्षा कधीही चांगलं. गिअरचं व्हील असेल तर 'मिनिमम फोर्स' थोडाथोडा वाढवत मधला ढिलेपणा जाईपर्यंत न्या, सरळ रस्त्यावर व्हील स्वतःहून थरथरायला लागलं की एक पायरी मागे या. डायरेक्ट ड्राइव्हला तो शून्यच ठेवा. आणि ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये व्हीलला मध्यावर ओढणारी कृत्रिम स्प्रिंग चालू असेल तर ती आधी बंद करा. ती तुम्हाला गाडीबद्दल खोटं सांगते.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या ब्रेककडे येतो.

स्वस्त संचातला ब्रेक पोटेन्शिओमीटरवर चालतो. पेडल किती अंतर खाली गेलं ते तो मोजतो. लोड सेलचा ब्रेक अंतर बघत नाही, तुम्ही किती किलो दाब दिला ते बघतो. ऐकायला हा तांत्रिक तपशील वाटतो, पण पायाला विचारा. डोळे मिटून पेडल बरोबर सहा सेंटिमीटर दाबायला सांगितलं तर दर वेळी वेगळं येईल. तोच 'मघाशी दिलास तेवढाच जोर दे' म्हटलं तर पाय बऱ्यापैकी तेवढाच देतो. स्नायूंना दाब लक्षात राहतो. आणि सिम रेसिंगमध्ये वेळ सगळ्यात जास्त जातो तो ब्रेकिंगमध्ये: खूप आधी दाबला, चाकं लॉक केली (फिरायची थांबून नुसती घसरू लागली), किंवा वळणात शिरताना ब्रेक एकदम सोडून दिला. मुरलेले ड्रायव्हर वळणात शिरता शिरता ब्रेक हळूहळू उचलतात, त्याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. पुढच्या टायरवर वजन राहतं आणि गाडीचं नाक आत वळतं. हे 'हळूहळू' पायाला जमण्यासाठी त्याला टेकायला काहीतरी कडक लागतं.

खऱ्या फॉर्म्युला वन गाडीत जोरदार ब्रेकिंगला शंभर किलोहून जास्त दाब द्यावा लागतो. थ्रस्टमास्टरचं टी-एलसीएम पेडलही शंभर किलोपर्यंत मोजतं. तुम्हाला त्याच्या जवळपास जायची गरज नाही. वीस-तीस किलोला शंभर टक्के ब्रेक लागेल असं ठेवून सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात पोटरी दुखेल आणि वेळ उलट वाईट येईल. दुसऱ्या आठवड्यात चाकं लॉक होणं कमी होतं.

पैसे एकदम पुरत नसतील तर? साधं व्हील आणि त्याच्याबरोबर आलेली पेडल घ्या, आणि पुढचा पैसा जमेल तो लोड सेलच्या पेडलसाठी ठेवा, मोठ्या व्हीलसाठी नव्हे. पीसीचा मोठा फायदा असा की पेडल एका कंपनीची आणि व्हील दुसऱ्याचं, दोन्ही वेगवेगळ्या यूएसबी पोर्टला लावून आजची सगळी मुख्य सिम चालतात. फक्त पेडल घेताना ती स्वतंत्रपणे यूएसबीला जोडता येतात का हे बघा. काही पेडल फक्त त्याच कंपनीच्या व्हीलबेसमध्येच (व्हीलचा मोटर असलेला भाग) खोचता येतात, वेगळा अडॅप्टर घेतल्याशिवाय सुटी चालत नाहीत.

आणि लोड सेल घेतला की तुमची खुर्ची परत आडवी येणार. तीस किलोने ढकललेल्या चाकांच्या खुर्चीचं काय होतं ते मी वर सांगितलंच. सगळ्यात फुकट उपाय म्हणजे पेडल भिंतीला टेकवा, आणि खुर्चीची चाकं काढून टाका किंवा चाकं नसलेली खुर्ची घ्या. त्याहून बरं म्हणजे घडीचा व्हील स्टँड, आणि त्याला खुर्चीशी जोडणारा एक पट्टा, म्हणजे तुम्ही जेवढं ढकलाल तेवढंच तो ओढून धरेल. सगळ्यात उत्तम ॲल्युमिनियम प्रोफाइलची रिग: गाडीची सीट, व्हील आणि पेडल एकाच सांगाड्यावर. जागा खाते, पण एकदा घेतली की पुढची तीन व्हील तिच्यावरच बसतात. परीक्षा सोपी आहे. बसा, दोन्ही पायांनी ब्रेकवर सगळा जोर द्या. काही हललं, वाकलं, कुरकुरलं तर ते आधी दुरुस्त करा. डायरेक्ट ड्राइव्ह घ्यायचं ठरलं तर टेबलाचीही अशीच परीक्षा घ्या. पातळ फळीचं टेबल आठ न्यूटन-मीटरला आधी डुलतं आणि नंतर फाटतं.

'स्वस्त आधी, मग बदलू' यात पैसे वाया जातात का? नव्याकोऱ्या वस्तूत थोडे जातात, चांगल्या वापरलेल्या वस्तूत जवळपास नाहीत. जुनं गिअरचं व्हील घेऊन सहा महिन्यांनी साधारण त्याच भावात विकणारे मी खूप पाहिलेत. पण बघून घ्या. मी एकदा फोटो बघून वापरलेलं व्हील घेतलं होतं. दहा मिनिटं छान चालायचं, आणि मग मधला बिंदू हळूहळू डावीकडे सरकायचा, इतका की सरळ रस्त्यावर हात दहा वाजल्याच्या काट्यासारखे. आत मोटरच्या आसावरची, फेरे मोजणारी चकती तडकलेली होती. त्यामुळे विकणाऱ्यासमोर व्हील पीसीला जोडा, स्वतःहून फिरून कॅलिब्रेट होताना हात लावू नका, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा जोरात फिरवा आणि मध्य जागेवर आहे का ते बघा. पेडल सावकाश दाबत स्क्रीनवरची पट्टी बघा. ती मध्येच उड्या मारत असेल तर पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ आहे. बऱ्याचदा ती कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, पण भाव करायला मुद्दा मिळतो.

एच-शिफ्टर: नको. आजच्या रेसच्या बहुतेक गाड्या स्टिअरिंगमागच्या पॅडलवर (बोटांनी ओढायच्या पट्ट्यांवर) गिअर बदलतात आणि पॅडल व्हीलला लावूनच येतात. पहिल्या आठवड्यात क्लच आणि शिफ्टर घेऊन बसणं म्हणजे गुडघ्याला बाशिंग. जुन्या गाड्या किंवा ट्रक चालवायची ओढ पुढे लागलीच तर तेव्हा घ्या. रॅलीवाल्यांना शिफ्टरच्या आधी हँडब्रेक लागतो.

मॉनिटर एकच आहे, त्याची चिंता नको, फक्त फील्ड ऑफ व्ह्यू बरोबर लावा. नवखे हमखास इथे चुकतात, कारण गेमची मूळ सेटिंग टीव्हीसमोर लांब बसणाऱ्यासाठी असते. आपल्या डोळ्यांपासून स्क्रीन जितका कोन व्यापते तेवढंच दृश्य तिच्यात दिसलं पाहिजे, जणू ती खिडकी आहे. २७ इंची स्क्रीन साधारण ६० सेंटिमीटर रुंद असते. डोळे ७० सेंटिमीटरवर असतील तर आडवा कोन ४६ अंशांच्या आसपास येतो, उभा जेमतेम २७. असेटो कोर्सा आणि एसीसी उभा कोन मागतात. तो आकडा टाकलात की नळीतून बघितल्यासारखं वाटेल आणि बाजूचा आरसा नाहीसा होईल. पण वळणं आता खऱ्या अंतरावर दिसतात आणि ब्रेक कुठे मारायचा याचा अंदाज लागतो. उपाय म्हणजे मॉनिटर जवळ ओढा, अगदी व्हीलबेसच्या मागे टेकेल इतका. ५० सेंटिमीटरवर उभा कोन ३७ होतो आणि श्वास घ्यायला जागा मिळते. थोडी तडजोड करून चार-पाच अंश वाढवलेत तरी चालेल. मीही वाढवतो.

व्हीआर (डोळ्यांवर चढवायचा हेडसेट) आवडीने वापरणारे खूप आहेत, आणि अंतराचा अंदाज त्यात खरोखर उत्तम येतो. तुमच्या पीसीवर नको. फ्रेम गळाल्या की पोटात ढवळतं. एका मॉनिटरवरही चित्र देखणं असण्यापेक्षा स्थिर असणं महत्त्वाचं. भरलेल्या ग्रिडवर, शेवटून स्टार्ट घेऊन, पहिल्या वळणात ६० फ्रेमच्या खाली जाणार नाही इथवर सेटिंग उतरवा. आधी सावल्या, मग आरशांची गुणवत्ता, मग दिसणाऱ्या गाड्यांची संख्या. व्ही-सिंक (चित्राचा वेग मॉनिटरशी जुळवणारी सेटिंग) बंद ठेवा, नाहीतर हात आणि चित्र यांच्यात उशीर येतो.

फिरण्याची मर्यादा व्हीलच्या सॉफ्टवेअरमध्ये ९०० अंश ठेवा, प्रत्येक गाडीचं स्टिअरिंग कुठवर फिरेल ते सिमला ठरवू द्या. तपासायचं असेल तर स्टिअरिंग काटकोनात फिरवा आणि स्क्रीनवरचं स्टिअरिंगही नेमकं काटकोनात फिरतंय का ते बघा. नसेल तर काहीतरी चुकलंय, आणि ते दुरुस्त होईपर्यंत सराव करू नका, कारण चुकीचा हात बसतो.

पहिले दोन आठवडे एक गाडी, एक ट्रॅक. गाडी कमी ताकदीची, मागच्या चाकांना जोर असलेली. आयरेसिंगचे रूकी माझ्दा एमएक्स-५ वर शिकतात ते उगाच नाही. ती चूक दाखवते पण लगेच मारून टाकत नाही. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल खऱ्या गाडीत असेल तर सुरू ठेवा, नसेल तर बंद. रस्त्यावर रंगीत रेषा दाखवणारी मदत पहिल्या दोन दिवसांनंतर काढून टाका, नाहीतर डोळे रेषेला चिकटतात आणि वळणाकडे बघतच नाहीत. गाडीच्या सेटअपला (सस्पेन्शन वगैरेच्या जुळणीला) हात लावू नका. सगळ्यात वेगवान लॅपही बघू नका. लागोपाठ दहा लॅप, एकदाही बाहेर न जाता, अर्ध्या सेकंदाच्या फरकात आल्या की पहिली ऑनलाइन रेस करा, आणि तीही पिटमधून सगळ्यांच्या मागून सुरू करून. पहिल्या वळणातला गोंधळ समोर उलगडताना बघायला मिळतो, आणि फुकटच्या चार-पाच जागाही मिळतात.

असा महिना गेला की मग पुढे काय घ्यायचं ते तुमच्या चुकाच सांगतील. त्याच वळणाला दर लॅपला वेगळ्या जागी चाकं लॉक होत असतील तर पुढचा पैसा ब्रेकमध्ये. गाडी मागून सुटल्यावर कळतं पण हात पोहोचेपर्यंत ती फिरलेली असते, असं वारंवार होत असेल तर व्हीलमध्ये. आणि ब्रेक बरोबर, हात बरोबर, तरी दर वेळी वळणात आधीच आत शिरताय असं दिसलं तर पाकिटाला हात न लावता मॉनिटर आणखी दहा सेंटिमीटर पुढे ओढा आणि कोन परत मोजा.